बोलायचं माप, कापायचं माप

पडद्यामागून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, तेव्हाच वहिनीने पडद्यावरची नजर काढून घेतली. आधी कापड सरसरलं होतं, मग हूक ओढताना निघतो तसा दबका हुंकार दोनदा ऐकू आला होता, आणि मग सगळं थांबलं होतं. बाकीचे वाट बघत होते. वहिनी वाट बघत नव्हती, कारण पडद्यामागे काय झालं असणार ते त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

दुकानाला सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढून सगळी मंडळी मागच्या कापायच्या खोलीत जमली होती. हात असलेली एकुलती एक खुर्ची माईंची, म्हणजे वहिनीच्या सासूबाईंची. एका जुन्या मशीनवर त्यांनी हे बायकांच्या कपड्यांचं दुकान उभं केलं, त्यामुळे डोळे अधू झाले तरी खुर्चीवरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. आत्या, म्हणजे वहिनीची नणंद, शिवायला काही नसतानाही आपल्या मशीनपाशी बसली होती. तिला दुसरीकडे कुठे बसायचं सुचतच नसे. बाहेरच्या काउंटरजवळची गुबगुबीत खुर्ची आज विहीणबाईंसाठी आत आणली होती. पडद्यामागे पोशाख घालत असलेली वहिनीची लेक, त्यांची होणारी सून, लग्नात कशी दिसेल ते आधी बघायचं म्हणून त्या हौसेने आल्या होत्या. दादा, वहिनीचा नवरा, बायकांची ट्रायल म्हणून दाराबाहेर पाठमोरा उभा होता, हातात पाव आणि केळ्यांची पिशवी घेऊन.

“झालं का गं ढब्बू?” त्याने तिकडूनच विचारलं.

वहिनीने पाठीमागूनच त्याच्याकडे डोळे वटारले. विहीणबाईंसमोर हे नाव काढायचं नाही असं साखरपुड्यापासून ठरलं होतं. पण लहानपणी गोबरे गाल बघून पडलेलं नाव चोवीस वर्षं सवय झालेल्या जिभेवरून असं एका दमात उतरत नाही. विहीणबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांना तेवढी रीत होती.

आत पुन्हा हूक ओढल्याचा आवाज आला. वहिनीने गळ्यात लोंबणारी फीत उगाच बोटांना गुंडाळली आणि सोडली.

या दुकानात प्रत्येक बाईची दोन मापं असत. एक बोलायचं आणि एक कापायचं. वहिनी गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करायची, कमरेभोवती फीत फिरवायची आणि खणखणीत आवाजात खरं असेल त्याहून दोन इंच कमी सांगायची. आत्या मशीनवरून तो आकडा परत म्हणायची, म्हणजे त्याच्यावर शिक्कामोर्तब व्हायचं. मग कापडावर खडूने आखताना वहिनी मुकाट्याने दोन इंच वाढवायची. स्टुलावरची बाई, जिने इतका वेळ पोट आत ओढून धरलेलं असायचं, ती श्वास सोडायची, आरशात बघून हसायची आणि बऱ्याचदा आणखी एक कपडा शिवायला टाकून जायची. शहराच्या दुसऱ्या टोकाहून बायका उगाच नाही यायच्या. विहीणबाईही अशाच आलेल्या, जुन्या गिऱ्हाईक. सोयरीक जुळली तीसुद्धा याच स्टुलावरून.

ही रीत वहिनीनेच पाडली होती. आणि ती का पाडली हे सांगायचं तर ती स्वतः या खोलीत पहिल्यांदा आली त्या दिवसापर्यंत मागे जावं लागतं. तिच्या लग्नाचा पोशाख इथेच शिवायचा होता. खोली पाहुण्यांनी भरलेली. माईंनी तिला स्टुलावर उभं केलं, फीत लावली आणि आकडा मोठ्याने सांगितला, जसा त्या कापडाचा सांगत. तेव्हा एका चुलतसासूने म्हटलं, “बाई गं, एका सुनेच्या खर्चात दोन आणल्यात की काय?” सगळी खोली हसली. दाराबाहेर नवरदेव हसला. फीत अंगाला असली की हात खाली घेता येत नाहीत, म्हणून वहिनी दोन्ही हात पसरून तशीच उभी राहिली, आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. आपण कशा हसलो, हे तिला आजवर समजलेलं नव्हतं. लग्नाचा एकही फोटो तिने घरात लावू दिला नाही. काच फुटली, चौकट मिळत नाही, भिंतीला ओल आहे, असं काहीतरी कारण दरवेळी निघायचं.

पुढे माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि फीत वहिनीच्या हाती आली. एके दिवशी बाळंतपणातून उठलेली एक वकीलबाई स्टुलावर चढली आणि फीत लागण्याआधीच तिचे डोळे भरले. वहिनीने कमी सांगितलं. दयेपोटी सांगितलं, यात शंका नाही. माई तेव्हा करवादल्या होत्या, की फीत आहे ती, तिला कसली लाडीगोडी लावतेस. पण वकीलबाईने आपल्या सगळ्या मैत्रिणी आणल्या, आणि मग माईंचं काही चाललं नाही.

पडदा हलला. लेक बाहेर आली.

समोरून पोशाख सुंदर दिसत होता. फिकट दुधी रंग, गळ्याशी बारीक चुण्या, बाह्यांना मोत्यांची ओळ. पण लेकीचे दोन्ही हात पाठीमागे होते, कापड आवळून धरलेले, आणि चेहरा असा उतरला होता की विहीणबाई कौतुक करायला उठल्या त्या अर्ध्यातच थांबल्या.

“लागत नाहीये,” लेक म्हणाली. ती वळली. कमरेपाशी हूक आणि काज यांच्यात दोन बोटांची फट होती, आणि तिच्यातून पाठीवर उमटलेले शिवणीचे लाल वळ दिसत होते.

आत्या सवयीने पुढे झाली. असल्या गोष्टी दुकानात रोज होतात, त्यात रडायचं काय, असं म्हणत तिने लेकीच्या बगलेखालचं अस्तर उसवलं. शिवणीच्या आत दोन्हीकडे कापड सोडायची दुकानाची जुनी पद्धत. बाईचं अंग म्हणजे काही भिंत नाही, ते पुढेमागे होणारच, असं माई प्रत्येक नव्या मुलीला शिकवत. तेवढी शिवण उसवून आतलं कापड सोडलं की झालं. आत्याने बोट आत घातलं आणि तिचा हात थबकला. तिने दुसरी बाजू उसवली. तिथेही काही नव्हतं. शिवणीच्या अगदी कडेने कापड छाटून टाकलेलं होतं.

तिने मान वर करून वहिनीकडे बघितलं.

वहिनीला ती नजर पेलवली नाही. हा पोशाख तिने एकटीने कापला होता आणि शिवलाही एकटीने होता. लेकीचा आहे, मला करू दे, असं म्हणून आत्याला तिने मशीनवरून उठवलं होतं, आणि आत्या त्यावरून आठवडाभर फुगून बसली होती. कापायला घेतला त्या सकाळी वहिनीने आधी खरं माप आखलं होतं. तीस. मग तळहाताने खडू पुसून टाकला होता आणि अठ्ठावीसची रेघ ओढली होती. पोरगी कमी खातेच आहे, तोवर बसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि नाही बसली तर पोशाखच तिला बसवेल. मग तिला आत्याची आठवण झाली. आत्याचं मन मऊ, भाचीने जरा डोळ्यांत पाणी आणलं की ती लगेच शिवण सोडून देईल. म्हणून वहिनीने शिवणीच्या आतलं कापडही कापून टाकलं. परतीची वाटच ठेवली नाही. हे सगळं प्रेमापोटीच चाललंय असं तिला वाटत होतं, आणि प्रेम नव्हतं असं नाही. पण हॉलभर माणसांत कुणी हसलं तर आपण त्या मुलीची आई असू, ही धास्तीही त्यात होती, आणि ती प्रेमापेक्षा जड होती.

“माझंच चुकलं,” आत्या एकदम म्हणाली. “कडा मारायला ओव्हरलॉकला मी धरलं होतं. मशीनने जास्त कापड खाल्लं. माझं लक्ष नव्हतं.”

शिवताना आत्याने तो पोशाख हातातसुद्धा घेतला नव्हता. नणंद-भावजयीचं इतक्या वर्षांत कधी धड पटलं नव्हतं, दुकानाच्या वाटणीच्या वेळी तर दोघी वर्षभर तिसऱ्याच्या मार्फत बोलत होत्या. तरी आता विहीणबाईंसमोर घराची लाज जायला नको म्हणून आत्याने दोष आपल्या अंगावर घेतला. वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला बोलायचं होतं. पण बोलायचं तर दोन इंचांचंही बोलावं लागलं असतं, आणि समोर गुबगुबीत खुर्चीत कोण बसलं होतं ते तिला दिसत होतं. आपण गप्प आहोत हे आत्याला कळतंय, हेही तिला कळत होतं.

“आत्या, तू कशाला ओढवून घेतेस?” लेक म्हणाली. “पोशाखाला काही झालेलं नाही. मीच फुगलेय.” मग ती सगळ्यांकडे वळली आणि माफी मागू लागली. आईने एवढी मेहनत घेतली म्हणून आईची, आत्याला बोल लागला म्हणून आत्याची, काकू एवढ्या लांबून आल्या म्हणून विहीणबाईंची. “मी खरंच काही खात नाहीये हो. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी. डबा मी लॅबमधल्या मावशींना देऊन टाकते. तरी कमी होत नाही. मला काय झालंय कळतच नाही.”

“डबा देऊन टाकतेस?” दादाने दाराबाहेरून विचारलं.

“परवा रक्त काढता काढता मलाच चक्कर आली. पेशंटनेच मला खुर्चीवर बसवलं.” ती हसली. वहिनीने ते हसू ओळखलं. दोन्ही हात पसरून, स्टुलावर उभं राहून, कुणीतरी असंच हसलं होतं.

विहीणबाईंना पोरीची दया आली. त्या उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेने म्हणाल्या, “रडू नकोस. अजून आठवडा आहे हातात. रात्रीचं पूर्ण बंद कर. माझ्या लग्नाआधी मीही नुसत्या पाण्यावर काढले होते दिवस. थोडं सोसावं लागतं गं आपल्या बायकांना. एकदा फोटो निघाले की मग खा काय खायचं ते.”

यात वाईट काही नव्हतं. अगदी हेच, याच शब्दांत, वहिनी स्वतः म्हणाली असती. गेल्या महिन्यात म्हणालीही होती. पण दुसरीच्या तोंडून ते ऐकताना तिला पोरीच्या पाठीवरचे लाल वळ दिसत होते आणि त्यांवरून फिरणारा तो गुबगुबीत, प्रेमळ हात दिसत होता, आणि तिला वाटलं, इथून उठून कुठेतरी निघून जावं.

“माप घे,” माई म्हणाल्या.

डोळ्यांनी फारसं दिसत नसल्यामुळे त्या खोलीतलं ऐकत असत, आणि लोकांना वाटतं त्याहून जास्त ऐकत असत.

“आता कशाला माई? तिला आधीच—”

“सूनबाई, माप घे म्हणते ना. पोशाख बसत नाही तर माप घेतात. दुकानात दुसरं काय करतात?”

लेक स्वतःहून स्टुलावर चढली. पोशाखाची पाठ उघडी टाकून तिने हात पसरले आणि पोट आत ओढलं. वहिनीने फीत फिरवली. फीत धरून धरून तिच्या बोटांना घट्टे पडले होते, ती बोटं आपलं काम आपण करत. फितीवर आकडा आला आणि तिच्या तोंडून रोजच्या सवयीने माप बाहेर पडलं, खणखणीत.

“सत्तावीस.”

“सत्तावीस,” आत्याने सवयीने परत म्हटलं.

विहीणबाई खुश झाल्या. लेक मात्र स्टुलावर तशीच उभी राहिली. मग तिने हळूहळू हात खाली घेतले.

“सत्तावीस कसं?” ती म्हणाली. “साखरपुड्याला तू अठ्ठावीस सांगितलं होतंस. म्हणजे मी एक इंच कमी झालेय. मग अठ्ठावीसचा पोशाख मला सैल व्हायला हवा.”

लेक दिवसभर लॅबमध्ये आकड्यांशीच खेळायची, तिला बोटं मोडून दाखवायची गरज नव्हती. गिऱ्हाइकांना कमी सांगतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं, मशीनखाली बाहुल्यांचे कपडे शिवत तिने ते शेकडो वेळा ऐकलं होतं. घरच्या माणसांना खरं सांगतात असा तिचा समज होता. तिने आईच्या हातातली फीत काढून घेतली, स्वतःच्या कमरेला लावली, आणि खाली बघितलं. दाराबाहेर दादाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी वाजली.

“एकोणतीस आहे,” लेक म्हणाली.

“अस्तराची जाडी धरून असेल,” आत्या घाईने म्हणाली. “वरून घेतलं की तसं येतं.”

“राहू द्या,” वहिनी म्हणाली. आपला आवाज तिला परक्यासारखा वाटला. “आत्याने या पोशाखाला हातही लावलेला नाही. कापला मी, शिवला मी. साखरपुड्याला तू तीस होतीस. मी अठ्ठावीस सांगितलं आणि अठ्ठावीसच कापलं. आत कापडही ठेवलं नाही, कुणी सैल करून देऊ नये म्हणून.”

“सांगितलं अठ्ठावीस म्हणजे?” विहीणबाईंनी विचारलं. “तीस असताना अठ्ठावीस का सांगितलं?”

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं नाही. “आम्ही सगळ्यांनाच कमी सांगतो. दोन इंच. कापताना बरोबर कापतो.”

विहीणबाईंचा हात नकळत आपल्या कमरेवर गेला. पण वहिनीला आत्ता त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती, कारण लेक स्टुलावरून उतरली नव्हती आणि वरून तिच्याकडे बघत होती.

“मला पण? पहिल्यापासून?”

“हो.”

“शाळेत असल्यापासून?”

“तू आठवीत होतीस. तुला कुणीतरी चिडवलं म्हणून रडत आली होतीस. तेव्हापासून.”

लेकीने मान हलवली, जशी ती एखाद्या पेशंटचा न पटणारा रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचताना हलवत असेल. मग ती बोलू लागली, आणि तिचा आवाज चढला नाही, हेच वहिनीला सोसेना.

“मी बाजारात जायचे ना मैत्रिणींबरोबर. त्या तयार कपडे घ्यायच्या. मी माझं माप सांगायचे, तू सांगितलेलं. आणि तो कपडा मांडीच्या वर चढायचा नाही. त्या ट्रायल रूममध्ये मी घाम येईपर्यंत ओढत राहायचे. मला वाटायचं, सकाळी घरी मी अठ्ठावीस होते आणि दुपारपर्यंत फुगले. बाहेर येऊन म्हणायचे, रंग नाही आवडला. दरवेळी. त्या म्हणायच्या हिला कुठलाच रंग आवडत नाही. मग मी जायचंच सोडलं.” ती थांबली. “आई, मी दिवसभर लोकांना आकडे देते. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाचं रक्त कमी असतं. मला वाईट वाटतं म्हणून मी कधी कमी लिहून देत नाही. दिलं तर तो माणूस मरेल. तुला मला बरं वाटावं असं वाटत होतं, हे मला कळतं. पण तू मला माझं अंगच कळू दिलं नाहीस.”

वहिनी म्हणाली, “मला वाटलं तुला लाज वाटेल.”

“मला लाजच वाटत होती. रोज. नुसतं कशाची ते कळत नव्हतं.”

आत्याने डोळ्यांना पदर लावावा तसा शिवायला ठेवलेल्या कापडाचा कोपरा लावला होता. वहिनीचं माप घेतलं त्या जुन्या दिवशी आत्या शाळकरी पोर होती आणि खोलीत सगळ्यांत मोठ्याने तीच हसली होती. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि वहिनी ते कधी विसरली नव्हती. आज पहिल्यांदाच दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही एकच दिवस आठवला.

“मी आकडा सांगितला होता,” माई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते सांगायची गरज नव्हती. “मोठ्याने सांगितला. आकड्याचं मला काही वाटलं नव्हतं, अजून वाटत नाही. पण ती बया हसली तेव्हा मी तिला बाहेर काढायला हवं होतं. पाहुणी आहे म्हणून गप्प बसले. तू मला कधी बोलली नाहीस.”

“बोलून काय झालं असतं माई?”

“मी निदान मान तरी खाली घातली असती. तुला तेवढं तरी दिसलं असतं.”

दादा दारात आला होता. बायकांची ट्रायल वगैरे विसरून तो चौकटीला धरून उभा होता. लग्नाआधीचं ते हसणं त्याला आठवलं की नाही कोण जाणे, पण एवढा बोलका माणूस, त्याच्या तोंडून आज एक विनोद निघाला नाही.

विहीणबाई मात्र पर्स उचलून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “माझं किती आहे हो?” त्यांनी विचारलं. “खरं.”

वहिनीला वाटलं भुईने पोटात घ्यावं. “मागच्या वेळी अडतीस होतं.”

“मी सगळ्यांना छत्तीस सांगते.” त्या क्षणभर थांबल्या. “मी गेल्यावर तुम्ही दोघी हसत असाल.”

“नाही हो, कधी नाही,” वहिनी म्हणाली आणि आत्या खाली बघू लागली, कारण हसल्या होत्या. फार नाही, एकदा-दोनदा, चहा पिताना, आणि त्यात वाईट हेतू नव्हता. विहीणबाईंनी आत्याचं खाली बघणं पाहिलं. त्या दाराकडे वळल्या. हा राग असता तर वहिनीला बरं वाटलं असतं.

“लग्न होईल, लग्नाला काही झालेलं नाही,” त्या दारापाशी जाऊन म्हणाल्या. “मला जरा घरी जाऊन बसायचंय.” मग काहीतरी आठवून त्या परत आल्या, स्टुलाशी थांबल्या आणि लेकीला म्हणाल्या, “मघाशी ते रात्रीचं बंद कर म्हणाले ना मी, ते ऐकू नकोस. पाण्यावर राहून मी मंडपात पडले होते. ते कुणाला सांगत नाही, म्हणून तुलाही सांगितलं नाही.” आणि अर्ध्या शटरखालून वाकून, पर्स छातीशी धरून, त्या बाहेर पडल्या. त्यांना वाकायला त्रास होतो हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

लेक पडद्यामागे गेली आणि आपल्या रोजच्या कपड्यांत बाहेर आली. पोशाख तिने कापायच्या टेबलावर ठेवला, घडी न घालता.

“नवीन शिवायला कापड मिळेल का?” तिने आत्याला विचारलं. आईला नाही.

“हा ताका संपला. दुसऱ्यात हा रंग यायचा नाही.” आत्याने शिवण चिमटीत धरून बघितली. “बगलेपासून खाली पट्टी जोडावी लागेल, दोन्हीकडे. पण पट्टीला तरी कापड कुठून आणू?”

तेव्हा वहिनी खाली बसली. टेबलाखाली चिंध्यांची मोठी पिशवी होती, ती तिने ओढली आणि सगळ्यांदेखत जमिनीवर रिकामी केली. रंगीबेरंगी तुकड्यांच्या ढिगात दोन्ही हात घालून ती शोधत राहिली. लग्नाचं कापड कचऱ्यात टाकायला हात धजला नव्हता. शेवटी दुधी रंगाच्या लांब, अरुंद पट्ट्या सापडल्या, तिने स्वतःच्या हाताने छाटलेल्या. गुडघ्यांवर बसूनच तिने त्या वर धरल्या. आत्याने घेतल्या, एकीला एक लावून रुंदी बघितली.

“होईल,” आत्या म्हणाली. “पण जोड दिसेल.”

“लांबून?” लेकीने विचारलं.

“लांबून नाही. कुणी जवळ येऊन बघितलं तर.”

“बघू दे,” लेक म्हणाली.

मग ती टेबलाच्या कडेवर बसली, तिथे ती लहानपणी बसायची, आणि बापाला म्हणाली, “पिशवीत काय आहे?” दादाने मुकाट्याने पिशवी पुढे केली. त्याच्या ओठांवर ते जुनं नाव आलं होतं, ते त्याने गिळलं. आत्याने मशीनपाशी बसून दिवा लावला. माईंनी डोळे मिटून घेतले होते, पण त्या झोपल्या नव्हत्या.

वहिनी जमिनीवर बसून चिंध्या पिशवीत परत भरत होती. मागे पावाचा कागद फाडल्याचा आवाज आला, मग केळं सोलल्याचा. तिची मान सवयीने वळू लागली. बारा वर्षं ती मान अशीच वळत आली होती, पोरीने किती वाढून घेतलं, किती उरवलं, दुसऱ्यांदा हात पुढे केला की नाही, हे बघायला. बघते आहे हे पोरीला कळायचं, आणि पोरीला कळतंय हे तिलाही कळायचं, तरी ती बघायची.

लेकीने पाव मोडला. चिंध्या संपल्या, तरी वहिनी तशीच पाठमोरी बसून राहिली. पिशवीचं तोंड बांधायला घेतलेल्या दोरीची गाठ तिने सोडली, पुन्हा बांधली, आणि मागचा आवाज थांबेपर्यंत वळून बघितलं नाही.